बावीस मिनिटांचा यमन आणि अमेरिकेतला अर्ज

पत्र : माझी मुलगी बारावीत आहे. अमेरिकेतल्या नऊ विद्यापीठांत कम्प्युटर सायन्ससाठी अर्ज करणार आहोत. सातव्या वर्षापासून ती ख्याल शिकते, गांधर्व महाविद्यालयाची विशारद प्रथम झाली आहे. कौन्सिलर म्हणतात, सगळीकडे गाण्याचं रेकॉर्डिंग जोडून द्या, बिघडत तर काही नाही. तिचे बाबा म्हणतात, गाणं पाठवलं तर "हिला नक्की करायचंय तरी काय" असं वाटेल तिकडच्या लोकांना. गुरुपौर्णिमेला मोबाइलवर घेतलेला 22 मिनिटांचा यमन आमच्याकडे आहे. सगळ्यांना फार आवडला होता. तोच पाठवावा का?
– एक आई, कोथरूड

उत्तर :

तो यमन पाठवू नका. रेकॉर्डिंग पाठवायचं की नाही हे आपण ठरवूच, पण ती फाइल नको. का नको, ते पुढे येईलच.

आधी हे रेकॉर्डिंग ऐकतं कोण, ते पाहू. अर्ज वाचतो प्रवेश विभागातला अधिकारी. मार्क, निबंध, शिफारसपत्रं, सगळं त्याच्यासमोर असतं. गाण्याची फाइल मात्र, जिथे ती स्वीकारतात तिथे, बहुधा संगीत विभागातल्या प्राध्यापकाकडे जाते. तुमच्या लेकीला गणितात किती मार्क आहेत हे त्याच्यापुढे नसतं. त्याला सांगायचं एवढंच असतं की आमच्याकडे येणाऱ्या मुलांमध्ये ही मुलगी संगीतात कुठे बसते. तो दोन-चार ओळींचा शेरा किंवा एखादी श्रेणी लिहितो आणि तो कागद परत अर्जाला जोडला जातो.

"बिघडत तर काही नाही" हे म्हणूनच खरं नाही. "दहा वर्षं ख्याल, आठवड्याला आठ तास" एवढंच वाचलं की अधिकारी मनात एक बऱ्यापैकी चांगली गायिका उभी करतो. फाइल जोडली की ती कल्पना गेली आणि तिच्या जागी प्राध्यापकांचा शेरा आला. तो "उत्तम, आम्हाला हवी" असा असेल तर मोठा फायदा. "नीटनेटकं, शाळेच्या पातळीचं" असा असेल, तर न पाठवता जे वजन मिळत होतं तेही गेलं. शिवाय तुलना कोथरूडमधल्या क्लासशी नसते. चौथ्या वर्षापासून व्हायोलिन धरलेली, युवा वाद्यवृंदांत वाजवणारी मुलं त्याच ढिगाऱ्यात असतात.

बाबांची काळजी मात्र सोडून द्या. तिकडे संगणक शिकणारी मुलगी गाते, यात कुणाला विसंगती दिसत नाही. एमआयटीत तर इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यालाही मानव्यविद्या, कला आणि समाजशास्त्रं मिळून 8 विषय पुरे करावे लागतात, आणि त्यात संगीत येतं. अर्ज कम्प्युटर सायन्सचा आणि रेकॉर्डिंग ख्यालाचं असेल तर वाचणाऱ्याचा गोंधळ होत नाही. उलट ही मुलगी इथे येऊन वर्गाबाहेर काय करेल, ते त्याला कळतं.

आता नऊ नावांची यादी घ्या आणि प्रत्येक विद्यापीठाच्या प्रवेशाच्या पानावर कलेच्या जोडपत्राबद्दल काय लिहिलंय ते स्वतः वाचा. कौन्सिलरच्या तक्त्यावर विसंबू नका, नियम दरवर्षी हलतात. तीन प्रकार सापडतील. काही ठिकाणी अशी सोयच नसते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सामायिक अर्जात, म्हणजे बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन डिएगो वगैरे, सर्वसाधारण विद्यार्थ्याला रेकॉर्डिंग जोडायला जागा नाही. संगीतातच पदवी मागणाऱ्यांची गोष्ट वेगळी. दुसऱ्या प्रकारात ऐच्छिक जोडपत्र चालतं. ते स्लाइडरूम नावाच्या संकेतस्थळावरून किंवा कॉलेजच्या स्वतःच्या पोर्टलवरून चढवायचं असतं. तिसरा प्रकार संगीत महाविद्यालयांचा. तिथे ध्वनिमुद्रण ही प्रवेशपरीक्षेची पहिली पायरी असते आणि ते सक्तीचं असतं. तुमचा त्याच्याशी संबंध नाही, तेव्हा त्यांचे नियम वाचून घाबरून जाऊ नका.

जिथे जागा नाही तिथे मागच्या दाराने जाऊ नका. निबंधाच्या खाली यूट्यूबची लिंक, पोस्टाने पेनड्राइव्ह, अधिकाऱ्याला थेट ईमेल, यातलं काही संगीत विभागापर्यंत पोचत नाही. पोचतं ते एवढंच, की या अर्जदाराने सूचना वाचलेल्या नाहीत.

तर नऊपैकी चार-पाच नावं उरतील. तिथे पाठवावं का, हे कुणाला विचारायचं? तिच्या गाण्याच्या ताईंना नाही, त्यांचा जीव गुंतलेला आहे. गुरुपौर्णिमेच्या श्रोत्यांना तर मुळीच नाही. तिला आजवर न ऐकलेल्या, स्वतः मैफली करणाऱ्या किंवा परीक्षक म्हणून जाणाऱ्या कलाकाराला गाठा. रीतसर मानधन द्या आणि दहा मिनिटं गाणं ऐकवा. "कशी गाते हो?" असं विचारू नका, त्याचं उत्तर "छान" असंच येणार. विचारा, "आकाशवाणीच्या संगीत स्पर्धेत ही कुठवर जाईल?" ती स्पर्धा 16 ते 24 वयोगटाची असते आणि तिची पातळी त्यांना ठाऊक असते. "शेवटच्या फेरीत नक्की" असं उत्तर आलं तर पाठवा. "दोन वर्षं थांबा" असं आलं तर पाठवू नका. लहानपणी तिला सीसीआरटीची, म्हणजे केंद्र सरकारच्या सांस्कृतिक प्रशिक्षण संस्थेची, शिष्यवृत्ती मिळाली असेल, किंवा राज्य पातळीवर क्रमांक असेल, तर तीही पाठवण्याच्या बाजूची खूण समजा. नुसती विशारद प्रथम तशी खूण नाही. ती परीक्षा अभ्यासक्रम पुरा झाल्याचं सांगते; गळा काय करतो ते सांगत नाही.

आणखी एक प्रश्न लेकीलाच विचारा : तिकडे गेल्यावर गाणार आहेस का? संगीत विभाग शेरा लिहितो तो पुढच्या चार वर्षांकडे बघून. एमआयटीत 1993पासून दक्षिण आशियाई कलांची 'मिठास' ही संस्था मैफली करते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात 1996पासून पेन मसाला हा वाद्यांशिवाय गाणारा गट आहे. वेस्लियन विद्यापीठात कर्नाटक संगीत कित्येक दशकं शिकवलं जातं. तुमच्या यादीतल्या कॉलेजात असं काय आहे ते शोधून, त्यात ती कुठे बसेल हे तिला एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. "नाही गं, कॉलेजात वेळ कुठे मिळणार" असं ती म्हणाली, तर विषय मिटला.

समजा, पाठवायचं ठरलं. मग खरा पेच येतो तो काय गायचं याचा, आणि इथेच आपल्याकडची चांगली चांगली मुलं फसतात.

बहुतेक ठिकाणी सगळं मिळून दहा मिनिटांच्या आसपास, एकमेकींहून वेगळ्या दोन चिजा मागतात. आता तुमचा यमन मनात आणा. आधी निवेदिका, मग तानपुरा लावणं, मग कुणीतरी माइकची उंची बदलतं. आलाप सुरू होईतो दोन मिनिटं गेली. पुढे विलंबित एकताल. बारा मात्रा, एकेक मात्रा चार-पाच सेकंदांची, म्हणजे एक आवर्तन 48 सेकंद ते एक मिनिट. पाच मिनिटांत पाच-सहा समा, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रा. आपल्याला त्या संथपणातच गोडी वाटते. पण ज्याने आयुष्यभर चेलो ऐकला त्याला सम कुठली हे कळायच्या आत त्याचा वेळ संपतो. ढीगभर फाइली पुढ्यात असलेला माणूस पहिल्या मिनिटाला आपलं मत बनवायला लागतो आणि तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला पुढच्या फाइलकडे वळू शकतो. तुमच्या रेकॉर्डिंगमधल्या ताना अठराव्या मिनिटाला असणार.

म्हणून बडा ख्याल, म्हणजे विलंबित लयीतला, कापून बसवू नका. मधूनच तोडलेला विलंबित जाणकाराला खटकतो आणि अजाणत्याला कळत नाही. त्याऐवजी पहिली चीज मध्यलयीत घ्या, दहा मात्रांचा झपताल किंवा सात मात्रांचा रूपक. झपताल मिनिटाला 65 मात्रांच्या लयीत ठेवला तर आवर्तन नऊ-सव्वानऊ सेकंदांचं होतं. पाच मिनिटांत तीसेक वेळा मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, समेवर येतो. पाच-सहा वेळा आला की परक्या कानालाही गाठ कुठे बसते ते कळतं आणि मग ती बोलआलाप (बंदिशीच्या शब्दांवरचा विस्तार) करून नेमकी तिथे उतरली की त्याचं कौतुकही वाटतं. ही निवड ऐकणाऱ्यासाठी गाणं सोपं करणं नव्हे. झपतालात विस्तार करणं विलंबितापेक्षा हलकं काम नाही, हे ताईंना विचारा.

सुरुवातीला चाळीस ते पन्नास सेकंदांचा औचार, म्हणजे छोटा आलाप, असू द्या, जास्त नको. तो मात्र जिवापाड घासून तयार करा. षड्ज लागला की आवाज स्थिर आहे, मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड जाणं) सरकत नाही तर ओढली जाते, श्वास कुठे तुटत नाही, एवढं पहिल्या पन्नास सेकंदांत कळायला हवं. बंदिशीची स्थायी आणि अंतरा दोन्ही असोत, दोन बोलआलाप, थोडी बोलतान, शेवटी चार-पाच ताना. सगळं मिळून साडेपाच मिनिटं.

दुसरी चीज तीन-साडेतीन मिनिटांची, द्रुत. तराणा असेल तर उत्तम, कारण शब्द न कळण्याची अडचण तिथे सगळ्यांना सारखीच. "एकमेकींहून वेगळ्या" म्हणजे नुसती लय वेगळी नव्हे. पहिली चीज यमनातली असेल तर यमनाचं स्वरसप्तक पाश्चात्त्य संगीतात लिडियन म्हणून ओळखीचं आहे, ऐकणारा तिथे घरी असतो. तेव्हा दुसरी चीज त्याला घराबाहेर काढणारी हवी : भैरव, मालकंस, नाहीतर भैरवी. तोडी मोह पाडते, पण सतराव्या वर्षी गंधार जागेवर बसलेला नसेल तर तोडीएवढं उघडं दुसरं काही पाडत नाही. आणि अर्जासाठी म्हणून नवा राग शिकायला घेऊ नका. दोन वर्षं गळ्यात मुरलेलाच गा.

नाट्यपद किंवा अभंग चालेल का, असं तुम्ही विचारणारच. चालेल. गळा तिथे मोकळा होत असेल तर द्रुत बंदिशीच्या जागी तोच घ्या. साथ तबला-पेटीचीच हवी. ट्रॅकवर गायलेलं काही पाठवू नका, मग ते कितीही सुरेल असो. ट्रॅकवर लय ट्रॅकची असते, आणि त्यांना लय हिची ऐकायची आहे.

जे चांगलं असेल ते आधी ठेवा. मैफलीत आपण चढत जातो, इथे उलट करायचं. द्रुत जास्त तयार असेल तर द्रुत पहिली फाइल.

आता ध्वनिमुद्रण. स्टुडिओच हवा असं नाही, आणि स्टुडिओत गेलात तरी एक गोष्ट दारातच बजावून सांगा : आवाजाला काही लावायचं नाही. सवयीने लोक थोडा घुमारा घालतात आणि "जरा टच-अप" म्हणून सूर दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर फिरवतात. हे सॉफ्टवेअर प्रत्येक सूर सप्तकाच्या बारा ठरावीक सुरांपैकी जवळच्या सुरावर ओढून बसवतं. भैरवाचा आंदोलित ऋषभ त्याला चूक वाटते, तो सरळ करतं. मींडेच्या पायऱ्या होतात. परिणाम कसा ऐकू येतो? तिचा गळा पेटीसारखा वाजायला लागतो. संगीत शिकवणाऱ्या कानाला ही इस्त्री लगेच कळते, आणि मग बाकीच्या गाण्यावरचाही विश्वास जातो.

घरी करायचं तर सामानाने भरलेली निजायची खोली निवडा. बैठकीची खोली मोठी, पण फरशी आणि रिकाम्या भिंती, त्यामुळे आवाज आपटून परत येतो. खाली सतरंजी, तिच्यावर गोधडी, पडदे ओढलेले, कपड्यांच्या कपाटाची दारं उघडी. पंखा, एसी बंद. स्वयंपाकघरातला फ्रीजही तेवढ्यापुरता बंद (नंतर चालू करायला विसरू नका, हा फ्रीज विसरण्याचा प्रकार हमखास होतो). कुणीही न बोलता अर्धा मिनिट नुसती शांतता मुद्रित करा आणि हेडफोन लावून ऐका. खालच्या पार्किंगमधली बोलणी, पाण्याचा पंप, कबुतरं, सगळं तिथे कळेल.

दिवसही बघून ठरवा. जुलैपासून गणपतीपर्यंत पुण्यात संध्याकाळी ढोल-ताशा पथकांचा सराव असतो आणि तो घुमका बंद खिडकीतूनही येतो. पावसाळी हवेत तबल्याची पुडी सैल पडते, दर दहा मिनिटांनी हातोडी घ्यावी लागते. नवरात्र लागलं की गरबा. मधले पितृपक्षाचे पंधरा दिवस यासाठी चांगले. गल्ली शांत, कार्यक्रम कमी, म्हणून चांगले तबलजी मोकळे असतात, आणि लवकरच्या फेरीच्या 1 नोव्हेंबरच्या मुदतीला वेळही उरतो.

मोबाइलवर घेतलेल्या रेकॉर्डिंगची नेमकी अडचण काय, ते तुमच्या त्या यमनातच ऐका. ती श्वास घ्यायला थांबली की तानपुरा अचानक फुगतो, तिने तार षड्ज लावला की सगळंच दबतं. फोन आवाजाची पातळी स्वतःच वरखाली करतो. काही फोन तर सतत येणारा एकसारखा आवाज गोंगाट समजून पुसून टाकतात. तानपुरा हा सतत येणारा एकसारखा आवाजच! मग रेकॉर्डिंगमध्ये मुलगी आधाराशिवाय गातेय असं वाटतं. म्हणून हातात मावणारा स्वतंत्र रेकॉर्डर दोन दिवसांसाठी भाड्याने किंवा उसना मिळवा. आयफोनच वापरायचा असेल तर व्हॉइस मेमोजच्या सेटिंगमध्ये दर्जा 'लॉसलेस' करा, फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि आधी चाचणी घ्या.

रेकॉर्डर तिच्यापासून अडीच-तीन फुटांवर, बसलेल्या तोंडाच्या किंचित वर, थोडा खाली झुकवून. अगदी समोर ठेवला तर श्वासाचे फुत्कार येतात. तबला रेकॉर्डरपासून पाच-सहा फुटांवर, पेटी दुसऱ्या बाजूला तेवढीच दूर, तानपुऱ्याचं यंत्र तिच्या मागे. कुणाचा आवाज जास्त आला तर बटणं फिरवू नका, माणूस फूटभर मागे सरकवा. एकाच माइकवर तोल असाच साधतो. पातळी लावताना तिला चिजेतली सगळ्यात वरची, सगळ्यात जोरकस तान घ्यायला सांगा आणि रेकॉर्डरवर दिसणारा आकडा उणे 12 ते उणे 6 डेसिबलच्या मध्ये राहील असं ठेवा. शून्याला लागून फाटलेला तार षड्ज नंतर कुणालाही शिवता येत नाही. हळू आलेला आवाज मात्र नंतर वाढवता येतो.

मूळ मुद्रण 24 बिट वेव्ह (WAV) फाइलमध्ये, पाठवताना 256 किंवा 320 केबीपीएसच्या एमपीथ्रीत. 320ला मिनिटाला सुमारे 2.4 एमबी होतात, म्हणजे साडेपाच मिनिटांची चीज 13 एमबीच्या आसपास. पोर्टलवर फाइलच्या आकाराची मर्यादा लिहिलेली असते, ती आधी पाहा. साथीदाराने फोनवर घेतलेली फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर मागवू नका. मागवावीच लागली तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर ती दाबली जाऊन येण्याची शक्यता असते.

एका बैठकीत एका चिजेचे तीनच टेक घ्या. चौथ्याला गळा थकतो आणि पाचव्याला माणूस रडकुंडीला येतो. दोन दिवस ठेवा, एकेका दिवशी एकेक चीज. पुढचं-मागचं कापणं आणि शेवटी आवाज हळूच विरवणं, एवढीच कापाकापी करा. दुसऱ्या टेकमधली तान पहिल्यात जोडू नका. मधल्या आवर्तनात एखादी तान जरा लटपटली तरी चालेल. जोड दिसला तर चालणार नाही. व्हिडिओ मागितला असेल तर कॅमेरा एका जागी, अखंड, आणि तोंडासमोर माइक येणार नाही असा.

आता फाइलइतकीच महत्त्वाची गोष्ट : सोबतची टीप. पोर्टलवर प्रत्येक फाइलखाली वर्णनाची छोटी चौकट असते. लोक तिथे "राग यमन, झपताल" लिहून मोकळे होतात. ऐकणाऱ्याला ख्यालातली सगळ्यात मोठी गोष्ट कळतच नाही, ती म्हणजे यातलं पाठ किती आणि त्या क्षणी सुचलेलं किती. तो बहुधा सगळं पाठ आहे असं धरून चालतो. म्हणून वेळेसकट लिहा. टीप इंग्रजीत लिहायची, पण मजकूर साधारण असा :

"यमन, झपताल (10 मात्रा). षड्ज जी शार्प. 0:00 आलाप, उत्स्फूर्त. 0:48 पारंपरिक बंदिश. 1:50पासून त्याच ओळींवर उत्स्फूर्त विस्तार. 4:20 ताना, पहिल्या दोन गुरूंनी बसवलेल्या, पुढच्या उत्स्फूर्त. तबला आणि हार्मोनियमची साथ व्यावसायिक कलाकारांची. पुणे, ऑक्टोबर. एकच अखंड मुद्रण."

काळी चारला जी शार्प म्हणायचं हे लेकीला माहीत असेलच. ताना बसवलेल्या असतील तर तसंच लिहा. बसवलेली तान सुचलेली म्हणून खपवली तर मुलाखतीत पहिल्याच प्रश्नाला पंचाईत होते, कारण तिथे रियाजाची गोष्ट निघते आणि मुलं खरं बोलून जातात.

गुरूंचं पत्र जोडता आलं तर जरूर जोडा. कॉमन अ‍ॅपमध्ये, म्हणजे अनेक कॉलेजांना एकाच ठिकाणाहून अर्ज करायच्या संकेतस्थळावर, शाळेबाहेरच्या शिफारसकर्त्याची सोय असते, पण प्रत्येक कॉलेज ती घेतंच असं नाही, तेही पाहा. ताईंना ईमेलवर निमंत्रण जातं आणि पत्र त्यांनी स्वतः चढवायचं असतं. इंग्रजी अवघड वाटत असेल तर त्यांनी मराठीत लिहावं आणि शाळेतल्या एखाद्या शिक्षकांनी भाषांतर करून दोन्ही जोडावीत. तुम्ही भाषांतर करू नका, आणि पत्राचा मसुदा तर अजिबात नको. "अत्यंत गुणी, आज्ञाधारक, उज्ज्वल भवितव्य" हे तिकडे कुणी वाचत नाही. किती वर्षं, आठवड्यातून किती दिवस, कोणते राग तयार, लय कच्ची होती तेव्हा तिने काय केलं, इतर शिष्यांत ती कुठे आहे, एवढं एका पानात आलं की झालं.

तारखांबद्दल थोडक्यात. लवकरच्या फेरीचे अर्ज बहुधा 1 नोव्हेंबरला, नेहमीच्या फेरीचे जानेवारीच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास. जोडपत्राची मुदत कधी तीच असते, कधी आधीची. मुदतीची वेळ कुठल्या घड्याळाची आहे हेही प्रत्येक पोर्टलवर वेगवेगळं पाहा. जिथे कॉलेजच्या स्वतःच्या पोर्टलवर फाइल चढवायची, तिथे लॉगिन मुख्य अर्ज गेल्यावरच मिळतं आणि त्याला कधी एक दिवस लागतो, कधी चार. 31 ऑक्टोबरच्या रात्री अर्ज पाठवून मग गाणं जोडू म्हणालात, तर गाणं राहील. चढवल्यावर तिथूनच एकदा पूर्ण ऐका आणि मगच पाठवा. पाठवल्यावर फाइल सहसा बदलता येत नाही.

आणि नाही पाठवायचं ठरलं तर? दहा वर्षं वाया गेली असं मुळीच नाही, ती दुसऱ्या जागी नीट लिहायची. कॉमन अ‍ॅपमध्ये उपक्रमांना दहा जागा आहेत आणि प्रत्येकाच्या वर्णनाला अवघी 150 अक्षरं. "हिंदुस्थानी शास्त्रीय संगीताची आवड" यात ती उधळू नका. आठवड्याचे तास आणि वर्षातले आठवडे यांचे रकाने वेगळे असतात, तिथे खरे आकडे घाला. वर्णनात कामं लिहा : किती राग, किती जाहीर कार्यक्रम, लहान मुलांना शिकवते का, बंदिशी लिहून काढते का. "विशारद" हा शब्द तिकडे कुणाला कळत नाही. सन्मानांच्या पाच जागांपैकी एकीत, शंभर अक्षरांत, असं लिहा की ही देशभर घेतली जाणारी परीक्षामाला आहे, प्रारंभिक ते अलंकार पूर्ण अशा नऊ पायऱ्यांची, आणि हिने सहावी पार केली. आम्हाला तरी, तुमच्या पत्रातल्या तपशिलावरून, नऊपैकी दोन-तीन ठिकाणी रेकॉर्डिंग आणि बाकी सगळीकडे या दोन नीट लिहिलेल्या ओळी, असाच हिशेब बरोबर वाटतो. त्या कलाकाराचं मत आलं की दोन-तीन की शून्य, तेवढं ठरवा.